पायांच्या लांबीतला फरक : किती असेल तर मनावर घ्यावा?

अस्थिवेध (धागाकर्ता)

कंबरदुखीचे बरेच रुग्ण हल्ली हातात एक कागद घेऊनच बाह्यरुग्ण विभागात येतात. त्यावर 'डावा पाय 8 मि.मी. आखूड' असे लिहिलेले असते आणि ज्या ठिकाणी हे माप घेतले तिथूनच विकत घेतलेली टाचेखालची गादी त्यांच्या बुटात असते. पाय आखूड असल्याचे कळल्या दिवसापासून ही मंडळी स्वतःच्या चालीकडे संशयाने पाहू लागलेली असतात. दुसऱ्या टोकाला, वर्षभर लंगडणाऱ्या मुलाला 'चालायला लागलंय ना, होईल सरळ' असे म्हणून घरी ठेवणारे पालकही भेटतात. पहिल्या गटाची चिंता बहुधा अनाठायी असते आणि दुसऱ्या गटाचा निवांतपणा महागात पडतो. म्हणून हा धागा. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, तरीही इथल्या लेखनाला प्रत्यक्ष तपासणीचा पर्याय समजू नये.

दोन्ही पाय तंतोतंत सारखे असलेली माणसे अल्पसंख्य आहेत. अमेरिकेतील गॅरी नटसन यांनी 2005 साली क्ष-किरण मोजमापांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सुमारे 90 टक्के लोकांत काही ना काही फरक आढळला आणि त्याची सरासरी 5.2 मि.मी. भरली. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत फरक साधारण 20 मि.मी.पर्यंत जाईतो त्याला वैद्यकीय महत्त्व येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे नटसन स्वतः कायरोप्रॅक्टर (हातांनी कणा आणि सांधे हलवून उपचार करणारे), म्हणजे आखूड पाय शोधून काढणे हा ज्यांच्या व्यवसायाचा नित्याचा भाग त्यांच्यापैकीच एक. त्यामुळे हा निष्कर्ष मला अधिक वजनदार वाटतो.

यापुढचा गोंधळ होतो तो खऱ्या आणि भासमान आखूडपणाचा. खऱ्या आखूडपणात मांडीचे किंवा नडगीचे हाडच लहान असते. ते जन्मतः तसे असू शकते, लहानपणी हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा दुखावल्याने तसे होऊ शकते, किंवा हाड मोडून एकावर एक चढून जुळल्याने, खुब्यातल्या जंतुसंसर्गाने, क्षयाने अथवा पोलिओने होऊ शकते. भासमान आखूडपणात दोन्हीकडची हाडे सारखीच असतात, मात्र खुब्याचा सांधा आतल्या बाजूला आखडल्यामुळे, कण्याला बाक आल्यामुळे किंवा कमरेचे स्नायू एका बाजूने ताठल्यामुळे श्रोणी, म्हणजे कमरेचा हाडांचा घेर, तिरका होतो आणि एक पाय वर ओढल्यासारखा दिसतो. उताणे झोपवून दोन टाचा शेजारी-शेजारी धरून पाहण्याची जी तपासणी शिबिरांत केली जाते, तिच्यातून हा भेद कळत नाही. त्या दिवशी कंबर धरलेली असेल तर सारख्या हाडांचा माणूसही सेंटीमीटरभर आखूड ठरतो, आणि कंबर मोकळी झाली की 'आखूडपणा'ही जातो.

प्रौढ माणसाला काही त्रास नसेल, तर 2 सें.मी.पर्यंतच्या फरकाला मी हात लावत नाही. त्याहून अधिक फरकाला पादत्राणाची उंची वाढवणे, वाढत्या वयात लांब पायाची वाढ योग्य वेळी थांबवणे आणि साधारण 5 सें.मी.च्या पुढे आखूड हाड लांबवण्याचा विचार करणे, असा ढोबळ क्रम आहे. त्या आकड्यामागचा माणूस किती वर्षांचा आहे, फरक कधीपासून आहे आणि तो वाढतो आहे का, हे पाहिल्याशिवाय मात्र कोणताच आकडा काही सांगत नाही. बालपणापासून 2 सें.मी. आखूड पायावर वावरलेल्या माणसाला त्याची जाणीवही नसते, तर अपघातानंतर चाळिशीत आलेला 1 सें.मी.चा फरक पहिल्याच पावलाला कळतो.

शंकासुर

लेख आवडला, पण 20 मि.मी.ची रेषा इतकी पक्की आहे का, याबद्दल मला शंका आहे. 2010 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात 1 सें.मी. किंवा त्याहून अधिक फरक असलेल्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळली होती, असे वाचल्याचे आठवते. ते खरे असेल, तर 'दुर्लक्ष करावे' हा सल्ला थोडा घाईचा नाही का?

अस्थिवेध

शंका रास्त आहे. त्या अभ्यासात 50 ते 79 वयाच्या सुमारे तीन हजार लोकांचे पूर्ण पायांचे क्ष-किरण चित्र घेतले होते, आणि 1 सें.मी. किंवा अधिक फरक असलेल्यांच्या आखूड बाजूच्या गुडघ्यात झिजेचे प्रमाण 53 टक्के दिसले, इतरांत ते 36 टक्के होते. मात्र ही माणसे मुळातच गुडघ्याच्या विकाराचा धोका असलेली किंवा तो आधीच जडलेली अशी निवडलेली होती. शिवाय झिजलेला गुडघा आतल्या बाजूला बसतो, पाय धनुष्याकृती होतो आणि त्यामुळेही लांबी घटते. तेव्हा कार्य कोणते आणि कारण कोणते, हे एका चित्रावरून ठरत नाही. पुढच्या काळात नव्याने होणाऱ्या आणि वाढणाऱ्या झिजेशीही त्यांनी संबंध तपासला, पण तो पहिल्याइतका ठळक नव्हता.

खुब्याचे गणित याच्या उलट चालते. उभे राहिल्यावर श्रोणी आखूड बाजूला कलते, त्यामुळे लांब पायाच्या खुब्यातला गोळा वाटीबाहेर थोडा अधिक उघडा पडतो आणि कमी जागेवर जास्त भार येतो. फिनलंडमधील फ्रिबर्ग यांनी 1983 साली खुब्याचे दुखणे लांब पायाच्या बाजूला अधिक आढळल्याचे नोंदवले होते. म्हणून 1 ते 2 सें.मी.चा पट्टा मी 'दुर्लक्षा'चा न मानता 'तक्रार असेल तर विचार करण्याचा' मानतो. गुडघा किंवा खुबा दुखत असेल, दुसरे कारण सापडत नसेल आणि फरक खरा असेल, तर आखूड पायाच्या टाचेखाली 5 मि.मी.ची पट्टी काही आठवडे वापरून पाहायला हरकत नसते. उपयोग झाला तर ठेवावी, न झाल्यास काढून टाकावी.

मणका_मोकळा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मोजमापाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

टेपने मोजताना कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत अंतर घेतात. ही खरी लांबी. बेंबीपासून त्याच उंचवट्यापर्यंत घेतलेले अंतर भासमान लांबी दाखवते. खरी लांबी सारखी आणि बेंबीपासूनची वेगळी आली, तर दोष हाडात नसून श्रोणीच्या तिरकेपणात आहे. कृती सोपी दिसते, पण हाडाचे टोक बोटाखाली किंचित सरकले, पोट सुटलेले असले किंवा एक मांडी दुसरीपेक्षा जाड असली, की सेंटीमीटरभर घोटाळा सहज होतो. एक खुबा बाहेरच्या बाजूला आखडलेला असेल, तर दुसरा पायही तेवढाच बाहेर नेऊन मोजावा लागतो, हे घाईत विसरले जाते. टेपचे माप घोट्यापाशी थांबत असल्याने टाचेचे हाड चेपल्यामुळे आलेला आखूडपणा त्यात दिसतच नाही.

मला लाकडी ठोकळ्यांची पद्धत अधिक भरवशाची वाटते. माणसाला अनवाणी उभे करायचे, गुडघे सरळ, दोन्ही पावलांवर सारखा भार. मागे बसून दोन्ही हातांच्या तर्जनी कमरेच्या हाडाच्या कडेवर आडव्या ठेवायच्या आणि डोळे त्यांच्या पातळीवर आणायचे. आखूड वाटणाऱ्या पायाखाली 5 मि.मी.चा ठोकळा सरकवायचा, मग आणखी एक, बोटे एका रेषेत येईपर्यंत. यात पावलाची उंचीही मोजली जाते, आणि मुख्य म्हणजे रुग्णाला विचारता येते: 'आता बरं वाटतंय का?' श्रोणी सरळ झाली तरी पुष्कळ लोक 'नको, आता मी तिरका उभा आहे असं वाटतंय' असे सांगतात, आणि उपचार ठरवताना हे उत्तर ठोकळ्याच्या आकड्याइतकेच मोलाचे असते.

पाठीला बाक दिसत असेल तर माणसाला स्टुलावर बसवून पुन्हा पाहावे. बसल्यावर पायांचा हिशेब संपतो. बाक नाहीसा झाला तर तो पायामुळे होता. तसाच राहिला तर कण्याची स्वतंत्र तपासणी करावी.

पळापळ

मी लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागल्यावर एका दुकानात यंत्रावर उभे करून 'पायात 6 मि.मी. फरक आहे' असे सांगितले आणि बरीच किंमत घेऊन इनसोल दिले. दुखणे काही गेले नाही. धावपटूंना लहान फरकही बाधतो, कारण प्रत्येक पावलाला भार अनेक पट पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे का?

अस्थिवेध

भार अनेक पट पडतो हे खरे. परंतु त्यावरून 6 मि.मी.ला दोषी ठरवणे ही उडी आहे. मॅरेथॉन धावणाऱ्यांवर 1983 सालीच एक पाहणी झाली होती. त्यात 2.5 सें.मी.पर्यंत फरक असलेले धावपटू होते, आणि टाचेखाली पट्टी घातल्याचा ठाम फायदा काही दिसला नाही. दाबाचा नकाशा काढणारे यंत्र तुम्ही त्या क्षणी कसे उभे होता ते सांगते, हाडाची लांबी मोजत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या दुखण्यात मी आधी सरावाचे अंतर एकदम वाढवले का, खुब्याच्या बाजूचे स्नायू दुबळे आहेत का आणि रोज रस्त्याच्या एकाच कडेने धावता का, हे विचारेन. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात, तेव्हा एकाच कडेने धावणारा माणूस सारख्या पायांचा असला तरी रोज काही वेळ एका पायाने आखूड असतो.

ओवी

माझ्या सहा वर्षांच्या मुलाचे मांडीचे हाड गेल्या वर्षी मोडले. शस्त्रक्रिया न करता कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर घातले. क्ष-किरण चित्रात हाडाची टोके एकावर एक चढलेली दिसत होती, आणि डॉक्टर म्हणाले की हे असेच हवे. आम्ही तेव्हा फार घाबरलो होतो. आता चालताना काही जाणवत नाही, पण मोडलेला पाय उलट किंचित लांब वाटतो. असे होऊ शकते का? की माझाच भास?

अस्थिवेध

ओवीताई, भास नसावा. साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलांत मांडीचे हाड मोडले की जुळताना त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो आणि ते हाड दुसऱ्या बाजूपेक्षा जोमाने वाढते. ही जादा वाढ सरासरी सेंटीमीटरभर असते आणि तिचा बहुतेक भाग पहिल्या दीड-दोन वर्षांत होऊन जातो. म्हणूनच प्लॅस्टर घालताना टोके सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर चढलेली ठेवण्याची जुनी पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. कारण समजावून सांगायला दोन मिनिटे काढली असती, तर तुमच्या काही रात्री वाचल्या असत्या.

याच निमित्ताने मुलांविषयी लिहितो. प्रौढात फरक असतो तेवढाच राहतो. मुलात तो चालू खात्यासारखा असतो, आजची शिल्लक पाहून उपयोग नाही. जन्मजात आखूड हाड असेल, तर दोन्ही पायांमधले प्रमाण साधारण तेच राहते आणि फरक उंचीबरोबर वाढत जातो. मुलीचे पाय सुमारे तीन वर्षांच्या आणि मुलाचे सुमारे चार वर्षांच्या वयात अंतिम लांबीच्या निम्मे झालेले असतात. त्यामुळे चार वर्षांच्या मुलातला 2 सें.मी.चा जन्मजात फरक वाढ पूर्ण होताना 4 सें.मी.च्या आसपास जातो. डॉ. पेली यांनी 2000 साली मांडलेली गुणक पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

पायाची बहुतेक वाढ गुडघ्याभोवती होते: मांडीच्या हाडाचे खालचे टोक वर्षाला सुमारे 1 सें.मी. आणि नडगीचे वरचे टोक सुमारे 6 मि.मी. वाढते. मुलांत हा व्यवहार ढोबळमानाने सोळाव्या आणि मुलींत चौदाव्या वर्षी थांबतो. तेव्हा तेराव्या वर्षी मुलाच्या लांब पायातली मांडीच्या खालच्या टोकाची कूर्चा बंद केली, तर उरलेल्या तीन वर्षांत जवळपास 3 सें.मी. फरक भरून निघतो. ही शस्त्रक्रिया लहान असते आणि मूल लवकर घरी जाते. तीच मुलगी किंवा मुलगा अठराव्या वर्षी आला, तर ही वाट बंद झालेली असते.

कृष्णाकाठ

मी पोलिओचा जुना मानकरी. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा साडेचार सेंटीमीटर आखूड आहे आणि मांडीत जोर नसल्याने गुडघ्याला कुलूप असलेला कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) लावूनच मी चालतो. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र त्यामुळे तरुण डॉक्टरांना आमच्यासारखे पाय फारसे पाहायला मिळत नाहीत, आणि आखूड पाय दिसला की तो पूर्ण भरून काढण्याचा त्यांना मोह होतो.

तरुणपणी एका ठिकाणी माझ्या बुटाला पूर्ण साडेचार सेंटीमीटर उंची लावून दिली होती. कागदावर हिशेब चोख होता, पण मला चालता येईना. गुडघा कुलूपबंद असल्यामुळे पाय पुढे टाकताना तो दुमडत नाही, आणि लांबी पूर्ण भरल्यावर चवडा जमिनीला घासू लागला. पुढे हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत कॅलिपर करून घेतला, तेव्हा तिथल्या कारागिरांनी मुद्दाम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर कमी ठेवले. तेव्हापासून पाय मोकळा सुटतो. माझ्यासाठी थोडा आखूडपणा ही सोय आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी चपला शिवणारे एक काका मला जोडा बनवून देतात. मऊ रबराचे थर एकावर एक चिकटवून ते रापीने कडा तासतात आणि टाचेपासून चवड्याकडे उंची थोडी उतरती ठेवतात. केवळ टाच उचलली तर पाऊल पुढे घसरते आणि बोटांवर भार येतो, म्हणून एवढी उंची पूर्ण तळाला द्यावी लागते. पुस्तके बहुधा थंड देशांत लिहिली गेली असावीत. तिथे माणूस घरातही बुटात असतो. आपण उंबऱ्याबाहेर चप्पल काढतो आणि दिवसाचा निम्मा वेळ अनवाणी वावरतो. स्वयंपाकघरात, देवळात, लग्नाच्या पंगतीत ही वाढवलेली उंची कामाला येत नाही. मी घरात वापरायला वेगळी चप्पल ठेवली आहे, आणि पाहुण्यांनी कपाळाला आठ्या घातल्या तर घालू देत.

मणका_मोकळा

कृष्णाकाठदादा, उत्तम प्रतिसाद. त्यात थोडी भर घालतो: साधारण 1 सें.मी.पर्यंतची पट्टी बुटाच्या आत मावते, त्यापुढे टाच वर निघू लागते आणि उंची बाहेरून तळालाच लावावी लागते. वर्षानुवर्षे फरक असलेल्या प्रौढाला ती एकदम देऊ नये. 5 मि.मी.पासून सुरुवात करून हळूहळू वाढवावी, कारण कणा त्या तिरकेपणावर बसलेला असतो आणि अचानक सरळ केल्यास नवी कंबरदुखी सुरू होते.

निरंजनी

माझ्या आईच्या खुब्याचा सांधा दोन महिन्यांपूर्वी बदलला. 'तो पाय लांब झाला आहे' असे ती सारखे म्हणते आणि टेकायला कचरते. शस्त्रक्रियेत खरोखर असे होते का? दुसऱ्या चपलेला टाच लावावी का?

अस्थिवेध

होऊ शकते. सांधा निसटू नये म्हणून स्नायूंत पुरेसा ताण ठेवावा लागतो आणि त्यासाठी कधीकधी काही मिलिमीटर लांबी वाढते. तथापि सुरुवातीला जाणवणारी लांबी बऱ्याचदा भासमान असते. आजारी खुबा वर्षानुवर्षे आखडलेला, पाय आखूड झालेला आणि शरीर त्यालाच सरावलेले असते. नव्या सांध्याने मूळ लांबी परत आली तरी ती जास्तीची वाटते. बाहेरच्या बाजूचे ताठलेले स्नायू श्रोणीला खाली ओढतात, त्याचीही भर पडते. व्यायामाने हे तीन ते सहा महिन्यांत पुष्कळ निवळते, म्हणून आत्ताच टाच लावू नये. लावल्यास श्रोणी तिरकीच राहायला शिकते. सहा महिन्यांनंतरही तक्रार राहिली तर उभ्याने पूर्ण पायांचे क्ष-किरण चित्र काढून खरा फरक पाहावा. पाऊल उचलताना लटके पडत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर मात्र वाट न पाहता शल्यविशारदांना दाखवावे, कारण लांबीमुळे नस ताणली गेल्याची ती खूण असू शकते.

पळापळ

थोडे अवांतर: उंची वाढवण्यासाठी दोन्ही पाय लांबवून घेण्याच्या जाहिराती दिसतात. हे तेच तंत्र आहे का?

अस्थिवेध

तत्त्व तेच. सैबेरियातल्या कुर्गान इथे गावरील इलिझारोव्ह यांनी 1950च्या दशकापासून ते विकसित केले: हाड अलगद कापायचे, काही दिवस थांबायचे आणि मग कड्यांच्या चौकटीने दोन टोके दिवसाला 1 मि.मी., तेही चार हप्त्यांत, दूर सारायची. मधल्या फटीत नवे हाड धरते. 5 सें.मी. लांबवायला पन्नासएक दिवस लागतात, पण ते हाड भार पेलण्याइतके पक्के होईतो प्रत्येक सेंटीमीटरमागे महिना किंवा त्याहून अधिक मोजावा लागतो. चौकट धरून ठेवणाऱ्या, हाडातून घातलेल्या तारांच्या जागी जंतुसंसर्ग, गुडघा आखडणे, नस ताणली जाणे, हे सारे सोसावे लागते. 7 सें.मी. आखूड पायाच्या मुलासाठी ही किंमत योग्य आहे. निरोगी पायांवर हौसेसाठी ती मोजावी असे मला वाटत नाही.

ओवी

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मुलाची तपासणी किती दिवसांनी करावी? आणि ज्यांच्या मुलांना काही दुखापत झालेली नाही, त्यांनी कशावर लक्ष ठेवावे?

अस्थिवेध

तुमच्या मुलासाठी दर सहा महिन्यांनी ठोकळ्यांवर मोजमाप पुरे आहे. शक्यतो त्याच व्यक्तीकडून करून घ्यावे आणि आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा. अपघातानंतर दोन वर्षे उलटल्यावर फरक 2 सें.मी.च्या आत असेल तर काळजीचे कारण नाही. आत्ताची चित्रे जपून ठेवा, कारण वाढ कोणत्या गतीने होते आहे हे जुन्या चित्रांशी तुलना केल्याशिवाय कळत नाही.

इतर पालकांनी तान्ह्या बाळाला उताणे झोपवून दोन्ही गुडघे वाकवावेत आणि तळपाय शेजारी टेकवावेत. एक गुडघा खाली दिसला किंवा लंगोट बदलताना एक मांडी बाहेर उघडत नसली, तर खुबा निखळलेला असू शकतो. पहिल्या सहा महिन्यांत हा दोष बहुधा मांड्या फाकवून धरणाऱ्या पट्ट्यांनी दुरुस्त होतो, चालायला लागल्यावर कळला तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. मोठे मूल एका पायाच्या चवड्यावर चालत असेल, किंवा पॅन्टची एकच बाजू सतत लोळत असेल, तर दाखवून घ्यावे. आणि एक पाय लांबच नव्हे तर जाडही असेल, किंवा त्याच बाजूचा हातही मोठा वाटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाबरोबर बालरोगतज्ज्ञांचाही सल्ला घ्यावा. शरीराची एक बाजू अधिक वाढणाऱ्या मुलांपैकी काहींत मूत्रपिंडाची गाठ होण्याचा धोका असतो, आणि त्यासाठी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात.